डावीकडून उजेड

दिवा डावीकडून धरायचा, जरा वरून,
एवढंच माझं काम.
समोरून धरला तर पाटी गप्प बसते,
सपाट, शिळ्या रोटीसारखी.
तिरपा धरला की खाचांत सावल्या भरतात
आणि डॉक्टर नुहाद वाचू लागतात.

नासिरिया. संग्रहालयाचा तळमजला.
पंखा तीन दिवस बंद.
मला तर चिमण्यांचे पायच दिसतात,
ओल्या अंगणातून लगबगीने गेलेल्या.
त्यांना दिसतं जव.

"तीस माप जव, निन-हेदू.
तीस माप, गेमे-लम्मा. तिचा मुलगा, पंधरा."
विणकरणींची यादी. चार हजार वर्षं मातीत.
मला वाटलं होतं राजे निघतील,
महापूर, एखादा रागावलेला देव तरी.
निघाला रेशनचा हिशेब.
मी हसलो, दिवा हलला,
त्या ओरडल्या.

अकराव्या ओळीवर थांबल्या.
नावापुढे दोन खुणा. बा. उश.
"मेला," म्हणाल्या. मग, "किंवा मेली.
या भाषेच्या क्रियापदाला बाई-पुरुष नाही.
आपल्याला मात्र काहीतरी एक म्हणावंच लागतं."
नाव अर्धं फुटलेलं.
पंधरा माप,
म्हणजे लहानच असणार कोणीतरी.

मी वाचायला शिकलो जेमतेम,
पण बावीस वर्षं विटा पाडल्या आहेत.
ओला चिखल दाबला की काठ गोल उठतो, लोण्यासारखा.
सुकत आलेला दाबला तर कडेला तडा जातो,
केसाएवढा.
मी न विचारता दिवा आणखी खाली नेला.
"बाई, ही दोन अक्षरं नंतरची आहेत.
बाकीची यादी सकाळची म्हणा,
ही संध्याकाळची. नाहीतर दुसऱ्या दिवसाची.
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली असेल
तर तिसऱ्यासुद्धा."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"म्हणजे नाव लिहिलं तेव्हा जिवंत होतं."
"निदान याच्या हिशेबी," मी म्हणालो. "आणि जव?
मापून झालं होतं का तोवर?"
"ते लिहिलेलं नाही."

निर्बंधांच्या वर्षांत आमच्या कार्डावर सहा नावं होती.
पीठ, साखर, चहा, तेल, माणशी ठरलेलं.
नईमा फेब्रुवारीत गेली.
आईने मार्चमध्ये कार्ड पुढे केलं, एप्रिलमध्ये केलं,
आणि अबू मिशआलने सहा जणांचं पीठ तोललं,
तिच्या जनाज्याला खांदा दिलेला माणूस,
काट्यावर नजर ठेवून, आईकडे न बघता.
मे महिन्यात त्याने नावावर रेघ ओढली.
पेन चालेना. दोनदा ओढावी लागली.
आई म्हणाली,
राहू दे, दिसतंय.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
त्यांनी वहीत टिपलं:
ओळ अकरा, खूण नंतरची?
प्रश्नचिन्हासकट.

घरी जाताना तो कारकून सोबत आला,
कानामागे बोरू, मांडीवर ओलं फडकं.
ठाऊक असून थांबलेला.
की नुसता विसरलेला? कारकून विसरतातही.
की कुणीतरी गेमे-लम्मा दारात उभी राहिली
आणि त्याने फडकं पुन्हा भिजवलं?
त्याच्या अंगठ्याचा ठसा पाटीच्या कडेला आहे,
माझ्यापेक्षा बारीक.
यापलीकडे मला त्याचं काही वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पंखा सुरू झाला.
"उजेड," डॉक्टर म्हणाल्या.
मी हात सरळ केला.
ओळ बारा.
तीस माप.